ग्रेडरनंतरचा विषय : व्हरमाँटच्या गावसभा आणि अण्वस्त्रांचा ठराव, मार्च १९८२

मार्चचा पहिला मंगळवार. व्हरमाँटच्या डोंगराळ गावांत या दिवशी रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग असतात. आणखी दोन-तीन आठवड्यांनी तेच कच्चे रस्ते चिखलाने भरतात आणि मेपलच्या खोडांना छिद्रं पाडून रस काढायची धांदल उडते. त्याआधीची ही मोकळीक धरून गावाची वार्षिक सभा भरते. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या या चिमुकल्या राज्यात १९८० च्या जनगणनेप्रमाणे माणसं होती जेमतेम सव्वापाच लाखांच्या आत, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. गावं मात्र दोनशेच्या वर, आणि प्रत्येकाची आपली सभा. तिला टाउन मीटिंग म्हणतात. शाळेच्या व्यायामशाळेत किंवा टाउन हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या मांडतात, दुपारी गावातल्या बायाबापड्यांनी करून आणलेलं जेवण असतं आणि दिवसभर गावाचा कारभार चालतो.

२ मार्च १९८२ रोजीही तसंच झालं. गेल्या वर्षीचा हिशोब, पंचांची निवड, रस्त्यांचा खर्च, अग्निशमनासाठी आणि वाचनालयासाठी किती द्यायचे, रस्ता सपाट करणारा ग्रेडर नवा घ्यायचा की जुनाच आणखी एक वर्ष रेटायचा, असल्या विषयांवर हात वर झाले. त्यानंतर, बहुतेक ठिकाणी दुपारच्या जेवणानंतर, त्याच सभेत त्याच माणसांसमोर एक वेगळा विषय आला. अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांनीही नव्या अण्वस्त्रांची चाचणी, उत्पादन आणि तैनाती परस्परसंमतीने आणि पडताळता येईल अशा रीतीने थांबवावी, असं या गावाने राष्ट्राध्यक्षांना आणि काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकन संसदेतल्या, आपल्या प्रतिनिधींना कळवावं का?

त्या एका दिवसात दीडशेहून अधिक गावांनी ‘होय’ म्हटलं. ‘नाही’ म्हणणारी गावं मोजकी होती.

आपल्याकडे पारावर, गाडीच्या डब्यात, घरच्या ग्रुपवर युक्रेन, गाझा, इराण आणि अमेरिकेची निवडणूक यांवर होणारे वाद मी वर्षानुवर्षं ऐकतो, त्यात भागही घेतो. त्या वादांत कळकळ असते आणि माहितीही असते. तरी ते पुढे कुठे जात नाहीत, उलट माणसं एकमेकांना तोडतात. म्हणून हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. दूरच्या युद्धाबद्दल साध्या माणसांनी बोलावं की नाही, यात मला शंका नाही; बोलावंच. कोणत्या चौकटीत बोललं म्हणजे त्या बोलण्याला वजन येतं, एवढंच मी इथे तपासतो आहे.

वाक्य कुठून आलं

गावांपुढे गेलेलं वाक्य गावात जन्मलं नव्हतं. ते रँडल फोर्सबर्ग या बाईंचं. साठच्या दशकात त्या इंग्रजीच्या शिक्षिका होत्या. लग्नानंतर स्वीडनला गेल्या आणि स्टॉकहोमच्या शांतता-संशोधन संस्थेत टंकलेखनाच्या कामाला लागल्या. शस्त्रांचे अहवाल टाइप करता करता ते वाचू लागल्या. पुढे एमआयटीत या विषयाचं शिक्षण घेतलं आणि लष्करी आकडेवारीत अधिकाऱ्यांशी बरोबरीने बोलावं इतक्या तयार झाल्या. त्यांना दिसलं की शांततावादी संघटनांपैकी एक पाणबुडीविरुद्ध लढते, दुसरी एका क्षेपणास्त्राविरुद्ध, तिसरी अणुवीज प्रकल्पाविरुद्ध. घराघरांत समजेल अशी एकच मागणी कुणाकडे नव्हती. डिसेंबर १९७९ मध्ये त्यांनी लुइव्हिलच्या एका मेळाव्यात ‘दोघांनीही आहे तिथे थांबा’ ही कल्पना मांडली आणि १९८० मध्ये चार पानांचं आवाहन लिहिलं. या मागणीला नाव पडलं फ्रीझ, म्हणजे गोठवणूक.

मागणीची ताकद तिच्या मर्यादेत होती. अण्वस्त्रं नष्ट करा, असं ती म्हणत नव्हती. अमेरिकेने एकतर्फी माघार घ्यावी, असंही नाही. दोघांनी, एकाच वेळी, तपासता येईल असं थांबायचं. आपल्याकडे गावात दारूचं दुकान बंद करण्यासाठी बायका ‘आडवी बाटली’वर शिक्का मारतात, तेव्हा दारूबंदीच्या साऱ्या तत्त्वज्ञानावर मत मागितलेलं नसतं. हे एक दुकान राहील की जाईल, एवढाच प्रश्न असतो. फोर्सबर्ग यांचा प्रश्न तसाच उत्तर देण्याजोगा होता.

तो पहिल्यांदा मतपेटीपर्यंत नेला रँडी केहलर यांनी. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी सक्तीच्या लष्करभरतीला सहकार्य नाकारल्याबद्दल त्यांनी सुमारे दोन वर्षं तुरुंगात काढली होती. तुरुंगात जाण्याआधी १९६९ मध्ये हॅवरफर्ड कॉलेजात त्यांनी केलेलं भाषण ऐकून संरक्षण-विश्लेषक डॅनियल एल्सबर्ग हेलावले आणि पुढे एल्सबर्ग यांनीच पेंटागॉनचे व्हिएतनाम युद्धाबद्दलचे गुप्त दस्तऐवज बाहेर काढले. केहलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९८० मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्सच्या तीन राज्य-सिनेट मतदारसंघांत फ्रीझचा प्रश्न मतपत्रिकेवर आणला. ६२ पैकी ५९ गावांत तो मंजूर झाला. त्या दिवशी ३३ गावांनी अध्यक्षपदासाठी रोनाल्ड रीगन यांना कौल दिला होता. त्यांपैकी ३० गावांनी फ्रीझलाही होकार दिला.

हा आकडा माझ्या दृष्टीने साऱ्या प्रकरणाची किल्ली आहे. रीगन यांनी शस्त्रसज्जता वाढवण्याचं उघड आश्वासन देऊन निवडणूक लढवली होती. त्यांना मत देणारा माणूस शस्त्रं थांबवायला कसा तयार होतो? पक्षाच्या चष्म्यातून पाहिलं तर हा विरोधाभास वाटतो. पण त्या माणसापुढे त्या दिवशी दोन वेगळे प्रश्न होते आणि त्याने दोन वेगळी उत्तरं दिली. तुम्ही कोणाच्या बाजूचे, असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

नोटिशीवर विषय कसा चढला

व्हरमाँट मॅसॅच्युसेट्सच्या उत्तरेला लागून. तिथे क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटीच्या कार्यकर्त्यांनी हे काम हाती घेतलं. ३ मार्च १९८१ च्या सभांमध्ये दीडेक डझन गावांनी ठराव मंजूर केला, पण त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. त्या दिवशी राज्यात खरी बातमी होती ती बर्लिंग्टनच्या महापौरपदी बर्नी सँडर्स दहा मतांनी निवडून आल्याची.

या सभेत ऐनवेळी उठून कोणीही काहीही मंजूर करून घेऊ शकत नाही. सभेआधी महिनाभर विषयांची जाहीर नोटीस लावावी लागते. तिला तिथे वॉर्निंग म्हणतात आणि तिच्यातल्या प्रत्येक विषयाला क्रमांक असतो. गावातल्या पाच टक्के मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला तर विषय नोटिशीवर येण्याची वाट मोकळी होते. म्हणजे भर हिवाळ्यात कुणी तरी दारोदार फिरलं. ज्याच्या दारात गेलं तो दूधवाला शेतकरी, शिक्षिका, लाकूडतोड्या, दुकानदार; सगळे ओळखीचे. सही मागणाऱ्याला तिथल्या तिथे पहिला उलट प्रश्न ऐकावा लागला, आणि सभेचा दिवस येईपर्यंत त्याला उत्तरं तयार करावी लागली. या दारोदारच्या फेरीला मी सभेइतकंच महत्त्व देतो. खरी चर्चा तिथे सुरू झाली होती.

वर्षभरात देशातलं वातावरणही तापलं होतं. १९७९ च्या जूनमध्ये व्हिएन्नात सह्या झालेला, दोघांच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा साल्ट-२ करार सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर सिनेटमध्ये अडकून पडला. सोव्हिएत संघाने एसएस-२० क्षेपणास्त्रं युरोपकडे रोखली होती. उत्तरादाखल १२ डिसेंबर १९७९ रोजी नाटोने पश्चिम युरोपात १०८ पर्शिंग-२ आणि ४६४ क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरवलं. १९८० पासून अठरा वर्षांच्या मुलांना लष्करी नोंदणी पुन्हा सक्तीची झाली होती. आणि जानेवारी १९८२ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने संरक्षण खात्यातले वरिष्ठ अधिकारी टी. के. जोन्स यांची मुलाखत छापली. अणुयुद्धातून वाचायचं कसं, यावर त्यांचं म्हणणं असं होतं की खड्डा खणा, वर दोन दारं आडवी टाका, त्यावर तीन फूट माती घाला. सर्वांना पुरतील एवढी फावडी असली की सगळे वाचतील. व्हरमाँटमध्ये जानेवारीत जमीन दगडासारखी गोठलेली असते. तिथे थडगं खणायचं तरी वसंताची वाट पाहतात. अशा गावातल्या माणसाला हा सल्ला कसा वाटला असेल, ते सांगायला नको.

त्याच सुमाराला केंद्र सरकारची नागरी संरक्षणाची योजना होती: युद्धाची चाहूल लागली की मोठ्या शहरांतली माणसं गाड्यांत घालून खेड्यांकडे पाठवायची. मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिज शहराने १९८१ मध्ये या योजनेत सामील व्हायला नकार दिला. ही योजना वाचली की खेड्यातल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो मॉस्कोचा नसतो. हजारो माणसं आली तर त्यांना ठेवायचं कुठे, विहिरीचं पाणी पुरेल का, शाळेत किती मावतील, हे प्रश्न येतात. जागतिक युद्ध अशा रीतीने गावच्या हिशोबात शिरलं होतं.

सभागृहात

दीडशे सभांमध्ये काय काय बोललं गेलं याचा एकच वृत्तांत देता येत नाही, आणि कुणाच्या तोंडी वाक्यं घालण्याची माझी इच्छा नाही. पण वादाचे धागे सगळीकडे साधारण सारखे होते.

सर्वांत जोरदार आक्षेप अण्वस्त्रांबद्दल नव्हताच. तो होता, हा आपला विषय आहे का? परराष्ट्र धोरण ठरवायला आपण वॉशिंग्टनला माणसं पाठवली आहेत. त्यांच्याकडे गुप्तवार्ता आहेत, तज्ज्ञ आहेत. इथे आपल्याला रस्त्याचा खर्च जमवता जमवता पुरेवाट होते. या आक्षेपाला सभेच्या नियमांत हत्यारही आहे. कोणीही सूचना मांडू शकतो की हा विषय ‘ओलांडून पुढे जाऊ’. ती मंजूर झाली तर मूळ प्रश्नावर मत न देताच सभा पुढे जाते. विरोध करणाऱ्याला ‘मी युद्धाच्या बाजूचा नाही, पण हा विषय इथे नको’ असं म्हणायला यामुळे सन्मानाची जागा मिळते. आपल्याकडच्या वादात नेमकी हीच जागा नसते. मत दिलं नाही तर तो भित्रा, नाही तर शत्रूचा.

या आक्षेपाचं उत्तर त्याच सभेच्या अंदाजपत्रकात होतं. १९७२ पासून केंद्र सरकार महसुलातला काही वाटा थेट गावांना देत होतं आणि त्यातून ट्रक, यंत्रं, इमारतीची दुरुस्ती अशी कामं होत. रीगन सरकार देशांतर्गत खर्चाला कात्री लावत होतं आणि संरक्षणाचा खर्च वाढवत होतं. ज्या पैशातून ग्रेडर येतो त्याच तिजोरीतून क्षेपणास्त्र येतं, मग ग्रेडरवर बोलायचा हक्क आहे आणि क्षेपणास्त्रावर नाही, असं कसं? पुढे १९८६ मध्ये गावांना मिळणारा तो वाटा बंदच झाला.

दुसरा आक्षेप खरोखर धोरणाचा होता. रशियनांवर विश्वास ठेवायचा कसा? आज गोठवलं तर युरोपातली त्यांची आघाडी तशीच कायम राहील. हा काही अडाण्यांचा तर्क नव्हता. व्हाइट हाउसचाही हाच मुख्य युक्तिवाद होता. ठरावात ‘परस्पर’ आणि ‘पडताळता येईल असं’ हे शब्द घातले होते ते याच माणसांना डोळ्यांपुढे ठेवून. तरी काहींचं समाधान झालं नाही आणि त्यांनी विरोधात मत दिलं. त्यांना चुकीचं ठरवण्याची मला गरज वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियात लढलेली माणसं दोन्ही बाजूंना होती. दुबळेपणा दिसला की हल्ला होतो, असं एकाचा अनुभव सांगत होता; युद्ध काय असतं ते पाहिलंय म्हणूनच थांबवा, असं दुसऱ्याचा.

मला या प्रकरणात सर्वांत जास्त शिकवून जातो तो सभा चालवण्याचा रिवाज. सभेचा अध्यक्ष, मॉडरेटर, गावानेच सकाळी निवडलेला असतो. बोलायचं ते त्याला उद्देशून. समोरच्या माणसाशी थेट भिडायचं नाही. ‘तू’ म्हणून बोट दाखवता येत नाही. एका वेळी एकच सूचना. दुरुस्ती आली तर आधी दुरुस्तीवर मत. ज्यांना हात वर करून शेजाऱ्याच्या नजरेत यायचं नाही त्यांच्यासाठीही सोय आहे: सात मतदारांनी मागणी केली की गुप्त मतपत्रिका वाटाव्या लागतात. आणि हे सगळं अशा माणसांबरोबर, ज्यांची गाडी उद्या चिखलात रुतली तर आपल्यालाच दोरी घेऊन जायचं आहे.

आपल्या ग्रामसभेची चौकट यापेक्षा फार दूर नाही. महाराष्ट्रात गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जे कमी असेल ते लागतात. सभेची आगाऊ नोटीसही द्यावी लागते. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत या चौकटीतून काय उभं करता येतं ते दाखवून दिलं आहे. साधन आपल्याही हातात आहे. दूरच्या प्रश्नांसाठी ते वापरायची आपल्याला सवय नाही, एवढाच फरक.

त्यानंतरचे दिवस

निकाल आल्यावर आठ दिवसांनी, १० मार्च १९८२ रोजी, डेमोक्रॅट एडवर्ड केनेडी आणि रिपब्लिकन मार्क हॅटफील्ड यांनी सिनेटमध्ये फ्रीझचा ठराव मांडला. त्याची तयारी आधीपासून चालली होती, त्यामुळे श्रेय एकट्या व्हरमाँटला देणं बरोबर होणार नाही. पण व्हरमाँट हे डाव्यांचं राज्य म्हणून कुणी झटकून टाकावं, अशी तेव्हा स्थिती नव्हती. १८५६ पासून १९८८ पर्यंतच्या अध्यक्षीय निवडणुकांत या राज्याने एक १९६४ चा अपवाद वगळता दर वेळी रिपब्लिकन उमेदवार निवडला होता. अशा गावांनी ठराव केल्यावर वॉशिंग्टनला कान द्यावाच लागला.

१७ एप्रिलला रीगन आपल्या शनिवारच्या रेडिओ भाषणात म्हणाले की अणुयुद्ध जिंकता येत नाही आणि ते कधीही लढलं जाता कामा नये. अणुयुद्धाविरुद्ध निदर्शनं करणाऱ्यांना उद्देशून त्यांनी आपणही तुमच्याबरोबर आहोत, असं म्हटलं. फ्रीझला त्यांचा विरोध कायम होता. पण तीन महिन्यांपूर्वी त्यांच्याच सरकारचा अधिकारी फावड्यांच्या गोष्टी करत होता, हे लक्षात घेतलं की भाषेतला बदल किती मोठा होता ते कळतं. पुढे १९८५ मध्ये जिनिव्हात सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्याबरोबरच्या संयुक्त निवेदनात हेच वाक्य आलं.

१२ जूनला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कपर्यंत निघालेल्या मोर्चात सुमारे दहा लाख माणसं होती. सप्टेंबरात विस्कॉन्सिनमध्ये मतदारांनी जवळजवळ तीन विरुद्ध एक अशा फरकाने फ्रीझला कौल दिला. नोव्हेंबरात आणखी नऊ राज्यांत प्रश्न मतपत्रिकेवर होता. आठांत मंजूर झाला, अॅरिझोनात पडला. कॅलिफोर्नियात फरक थोडका होता.

आता सरकारची बाजू कडक झाली. या चळवळीमागे अमेरिकेला दुबळं करू पाहणारी माणसं आहेत, असं खुद्द राष्ट्राध्यक्ष बोलले. १९८३ मध्ये एफबीआयच्या अहवालातून निष्पन्न झालं की सोव्हिएत हस्तकांनी प्रभाव टाकण्याचा प्रयत्न केला असला तरी चळवळीची सूत्रं त्यांच्या हाती नव्हती. ज्यांनी सरपणाच्या शेगडीजवळ बसून सह्या गोळा केल्या त्यांना परक्यांचे हस्तक म्हणणं ही मला अक्षम्य गोष्ट वाटते. कुठल्याही देशात, कुठल्याही पक्षाच्या सरकारने हे केलं तरी तेवढीच.

८ मार्च १९८३ रोजी ऑरलँडोत धर्मोपदेशकांच्या मेळाव्यात रीगन यांनी सोव्हिएत संघाला ‘दुष्ट साम्राज्य’ म्हटलं ते भाषण सर्वांना ठाऊक असतं. त्या भाषणाचा एक हेतू फ्रीझपासून चर्चना परावृत्त करणं हा होता, हे सहसा सांगितलं जात नाही. दोन आठवड्यांनी त्यांनी अवकाशातल्या संरक्षण-ढालीची कल्पना जाहीर केली. ४ मे रोजी प्रतिनिधिगृहाने फ्रीझचा ठराव २७८ विरुद्ध १४९ मतांनी मंजूर केला, पण दुरुस्त्यांनी तो बराच सैल झाला होता. ३१ ऑक्टोबरला सिनेटने तो ५८ विरुद्ध ४० मतांनी बाजूला ठेवला. महिनाभरात पर्शिंग क्षेपणास्त्रं पश्चिम जर्मनीत पोचू लागली.

१९८४ मध्ये रीगन ४९ राज्यं जिंकले. त्यांत व्हरमाँटही होतं.

जिथे हे उदाहरण अडखळतं

फ्रीझ हरलं, असं म्हणून ही फाइल बंद करणारे आहेत, आणि ८ डिसेंबर १९८७ च्या आयएनएफ करारात जमिनीवरून डागायची मध्यम पल्ल्याची सगळी क्षेपणास्त्रं, दोन्ही बाजूंची मिळून २,६९२, नष्ट करायचं ठरलं त्याचं श्रेय गावसभांना देणारेही आहेत. मला दोन्ही टोकं पटत नाहीत. करार झाला तो मुख्यतः गोर्बाचेव्ह आल्यामुळे. पण करार करू पाहणाऱ्या अमेरिकन अध्यक्षाला घरात विरोध होणार नाही, अशी जमीन या गावांनी तयार केली होती, असं मी म्हणेन. याहून जास्त म्हणायला आधार नाही.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. अण्वस्त्रं थांबवा, याला ‘होय’ म्हणण्यात गावाचं काही जात नव्हतं. ठराव सल्लावजा होता, त्याने कुणाचा कर वाढला नाही, कुणाची नोकरी गेली नाही. सभेला येतात किती, हेही पाहिलं पाहिजे. व्हरमाँट विद्यापीठाचे फ्रँक ब्रायन यांनी १९७० पासून पुढे अशा सुमारे दीड हजार सभांची मोजदाद केली. सरासरीने नोंदलेल्या मतदारांपैकी पाचातला एकच हजर असायचा. मंगळवारी दिवसा पाळी करणारा कामगार, घरी तान्हं मूल असलेली बाई, यांच्यावाचून गावाचा आवाज ठरतो.

आणि जिथे नोकरीचा प्रश्न आला तिथे चित्र बदललं. बर्लिंग्टनमध्ये जनरल इलेक्ट्रिकचा कारखाना होता. तिथे विमानांवर आणि हेलिकॉप्टरांवर बसवायच्या, फिरत्या नळ्यांच्या वेगवान तोफा बनत. शहरातल्या चांगल्या पगाराच्या, संघटित नोकऱ्यांपैकी खूप नोकऱ्या या फाटकाच्या आत होत्या. मध्य अमेरिकेतल्या युद्धांत ही शस्त्रं वापरली जातात म्हणून १९८३ च्या उन्हाळ्यात शांततावाद्यांनी फाटक अडवलं. महापौर सँडर्स स्वतः मध्य अमेरिकेतल्या अमेरिकन धोरणाचे कडवे टीकाकार होते. तरी ते कामगार संघटनेच्या बाजूने उभे राहिले आणि निदर्शकांना अटक झाली. धोरण वॉशिंग्टनमध्ये ठरतं, त्याची शिक्षा कामावर जाणाऱ्या कामगाराला का, अशी त्यांची भूमिका. निदर्शकांचं म्हणणं, तोफ जिथे बनते तिथेच तिला थांबवायला हवं, आणि कारखान्यात दुसरं काही बनवायची योजना करा.

या वादात कोण बरोबर होतं, हे मी अनेकदा मनाशी उलटसुलट करून पाहिलं आहे. कामगाराच्या ताटावर पाय न देता हा प्रश्न सुटायला हवा होता, यात मी सँडर्स यांच्याबरोबर आहे. पण पर्यायी उत्पादनाची मागणी हवेत विरली, याची टोचणी उरतेच. गावसभेची सारी शिस्त, तो मॉडरेटर, ती महिनाभर आधीची नोटीस, यांतलं काहीच या फाटकावर नव्हतं. तिथे फक्त दोन गट समोरासमोर होते आणि मध्ये पोलीस. ज्या प्रश्नावर माणसांना खरोखर काही गमवायचं होतं, नेमका तोच प्रश्न सभेपुढे नीट कधी आला नाही.

पुन्हा तीच नोटीस

व्हरमाँटच्या गावांनी नंतरही दूरचे विषय घेतले. ४ मार्च २००८ रोजी ब्रॅटलबरो गावाने तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश आणि उपाध्यक्ष चेनी यांच्यावर आरोपपत्र ठेवावं, असा ठराव २,०१२ विरुद्ध १,७९५ मतांनी केला. देशभर त्याचा गाजावाजा झाला आणि काही दिवसांत विरला. माझ्या मते तो कमकुवत ठराव होता. गाव जे करूच शकत नाही तेच त्यात मागितलं होतं, आणि जवळजवळ निम्मं गाव विरोधात राहिलं.

त्याच्या तीन वर्षं आधीचा ठराव मला कितीतरी सकस वाटतो. मार्च २००५ मध्ये चाळीसहून अधिक गावांनी इराक युद्धाबद्दल मत दिलं, पण ते बगदादपासून सुरू झालं नाही. व्हरमाँटच्या नॅशनल गार्डमधली माणसं तिकडे गेली होती. हे अर्धवेळ सैनिक. एरवी गावात कुणी शिक्षक, कुणी हवालदार, कुणी अग्निशमन दलाचा स्वयंसेवक. लोकसंख्येच्या मानाने या राज्याने सोसलेले मृत्यू देशात सर्वांत जास्त असलेल्यांपैकी होते. गावांनी मागणी केली ती राज्य विधिमंडळाने या तैनातीचा राज्यावर काय परिणाम होतो ते तपासावं, अशी. पूर आला, आग लागली तर हजर राहायची ज्यांची जबाबदारी, ती माणसं किती आहेत आणि किती समुद्रापलीकडे आहेत, ते मोजून सांगा.

सभागृहात तेव्हाही कुणी तरी उठून सूचना मांडली असणार की हा विषय ओलांडून पुढे जाऊ. बऱ्याच सभांत त्या रांगांमध्ये गार्डच्या सैनिकांचे आईवडील बसलेले होते, आणि त्यांचीही मतं एकसारखी नव्हती.